मृग लागण्याआधी : बागेतल्या शोभेच्या वस्तू

वैशाखात बागेत रंगकाम आणि मांडामांड होते, आणि मृगाच्या पहिल्या सरी त्या कामाचा निकाल लावतात. या महिन्याच्या पत्रांत झाडांपेक्षा वस्तूंबद्दलच जास्त विचारणा आहे. वृंदावन, घंगाळ, जातं, फरशीच्या तुकड्यांच्या कुंड्या, सौरदिवे असे विषय वेगवेगळे आहेत. तरी बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडलं : वस्तूत पाणी शिरतं, साठतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते.

प्रश्न (रत्नागिरी) : अंगणात जांभ्याचं जुनं तुळशीवृंदावन आहे. दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी ऑइलपेंट देतो, पण पुढच्या श्रावणापर्यंत पापुद्रे सुटतात. आत लावलेली तुळसही दोन वर्षांपासून जगत नाही. हे पाडून तयार सिमेंटचं वृंदावन आणावं का?

पाडू नका. दोष वृंदावनाचा नाही, ऑइलपेंटचा आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतली आणि कुंडीतल्या मातीतली ओल शोषून घेतो आणि पृष्ठभागातून सोडत राहतो. ऑइलपेंटचा थर ही वाट बुजवतो. मग आतली ओल रंगाला मागून ढकलते, फुगे येतात, फुगे फुटले की पापुद्रे सुटतात. त्यावर पुन्हा रंग दिला की पुढच्या वर्षी थोडा जास्त जाड पापुद्रा निघतो, एवढाच फरक.

आधी सगळा जुना रंग पत्री आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढा. रंगाचे ठिपके राहिले तर त्या जागी चुना धरत नाही. धुऊन घ्या आणि आठ-दहा दिवस कडक ऊन खाऊ द्या. नंतर चुन्याचे तीन पातळ हात द्या. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी हे प्रमाण धरा. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि भांडं लोखंडी किंवा मातीचं हवं, प्लॅस्टिकची बादली नको. चोवीस तास मुरला की जाड फडक्यातून गाळा. २० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. एवढा चुना साध्या वृंदावनाला पुरून उरतो. दगड किंचित ओला करून, ऊन उतरल्यावर हात द्या, आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. दाट चुन्याचा एकच जाड थर दिला तर तो पांढऱ्या भुकटीसारखा हाताला लागतो. पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आला असेल, तर आता नुसतं खरवडून ठेवा आणि चुना दसऱ्यानंतर द्या. तुळशीच्या लग्नापर्यंत तो चांगला पकडेल.

रंग हवा असेल तर चुन्यात गेरू घाला. फिकट, गुलाबीकडे झुकणारा विटकरी रंग येतो आणि तो उन्हाने उडत नाही, कारण गेरू ही मातीच आहे. गडद गेरूचा पट्टा फक्त खालच्या जोत्याला, डिंकाच्या पाण्यातून द्या. तो मात्र दर वर्षी नव्याने द्यावा लागेल.

आता तुळस. वरून एक तांब्या पाणी ओता. अर्ध्या तासानंतरही ते वर उभं असेल, तर तळाचं भोक बुजलेलं आहे किंवा मुळात ठेवलेलंच नाही. जुन्या वृंदावनांत दुसरी शक्यता जास्त. मागच्या बाजूने, आतल्या तळाच्या पातळीला, बाहेर उतार देऊन एक इंची पाइप बसवून घ्या. पाइपच्या आतल्या तोंडाला जाळी लावा. तळाला दोन इंच विटांचे तुकडे आणि वर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी रेती असं मिश्रण भरा. आतली जागा किमान दहा इंच रुंद आणि बारा इंच खोल हवी. त्याहून लहान खड्ड्यात तुळस उन्हाळ्यात तापते आणि पावसात सडते. मंजिऱ्या बी धरण्याआधी खुडत राहा. एवढं करूनही दोन-तीन वर्षांनी रोप लाकडी होऊन संपलं तर स्वतःला बोल लावू नका, तुळशीचं आयुष्य साधारण तेवढंच असतं.

कोनाड्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जांभ्यात मुरलेलं दिव्याचं तेल निघत नाही. कोनाड्याच्या तळाला कडप्प्याचा तुकडा बाहेर थोडा उतार देऊन बसवा. तो पुसता येतो आणि बदलताही येतो.

प्रश्न (पुणे) : सहाव्या मजल्यावर आमच्या मालकीची गच्ची आहे. गावाकडून जातं, पाटा आणि गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी आणायची आहे. डोणीत कमळं लावू. वजनाचं काही बघावं लागेल का?

सगळ्यात आधी तेच बघावं लागेल. इमारतींवरच्या भारांसाठीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, एवढा वापराचा भार धरलेला आहे. त्यात माणसं, कुंड्या, टेबल-खुर्च्या सगळं आलं.

डोणीचा हिशेब करू. बाहेरून ९० बाय ४५ सेंटिमीटर, उंची ४०, आतला खळगा ७० बाय ३० बाय २५. दगड उरतो सुमारे ०.११ घनमीटर. काळ्या पाषाणाचं वजन घनमीटरला २८०० किलोच्या आसपास असतं, म्हणजे डोणीच ३०० किलोच्या वर. खळग्यात ५० लिटर पाणी, वर माती. झाले साडेतीनशे, तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. स्लॅब लगेच खाली येईल असं नाही, पण मधोमध ठेवलेला असा भार स्लॅबला वाकवतो, बारीक भेगा पडतात आणि गळती खालच्या घरात दिसू लागते. आमचं मत विचाराल तर डोणी गावीच राहू द्या. आणायचीच असेल तर इमारतीचे नकाशे बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा लेखी दाखवून दिल्यावरच आणा. ती जागा बहुधा तुळईवर किंवा खांबालगत निघेल.

जात्याच्या दोन्ही तळ्या मिळून, ४० सेंटिमीटर व्यासाच्या आणि आठ-आठ सेंटिमीटर जाडीच्या धरल्या, तर ५५-६० किलो होतात. पाटा ३० किलोच्या आसपास. हे चालेल, फक्त दोन्ही वस्तू एकावर एक किंवा एकाच कोपऱ्यात रचू नका. ठेवताना ओढू नका, चौघांनी उचलून ठेवा. ओढल्याने वॉटरप्रूफिंगच्या थरावर चरा पडतो, आणि तो कुठे पडला हे पावसाळ्यातच कळतं. खाली तीन ठिकाणी जाड रबराचे तुकडे ठेवा, म्हणजे इंचभर फटीतून पाणी वाहील. पावसाच्या पाइपच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत काहीही नको. कशालाही पक्कं करण्यासाठी स्लॅबमध्ये ड्रिल मारू नका.

कमळासाठी हलका फायबरचा टब घ्या, पण पाणी हलकं नसतं हे लक्षात असू द्या. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टबात ४० सेंटिमीटर पाणी म्हणजे ११३ किलो.

प्रश्न (नाशिक) : आजेसासूबाईंचं तांब्याचं मोठं घंगाळ दारापुढे ठेवून त्यात वॉटरलिली लावली आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. चार दिवसांत सगळे मासे मेले. पुन्हा आणले, पुन्हा तेच. पाणी बदलूनही उपयोग नाही.

मासे तांब्याने मेले. पाण्यात उतरणारं थोडंसं तांबंही माशांच्या कल्ल्यांना घातक असतं, गोगलगायींना तर त्याहून जास्त. मत्स्यपालनात तांब्याचे क्षार औषध म्हणून वापरतात तेही फार मोजून. पाणी बदललं की तांबं नव्याने उतरायला लागतं, म्हणून प्रत्येक वेळी तेच झालं. पितळी घंगाळातही हेच होईल, कारण पितळेत तांबं आणि जस्त असतं. नुसती कल्हईही भरवशाची नाही, ती पातळ असते आणि ठिकठिकाणी उडते.

घंगाळ दिसायला हवं आणि मासे जगायला हवेत, तर घंगाळाच्या काठावर ज्याची कड नीट टेकेल असा काळा प्लॅस्टिकचा टब आत बसवा. टब आणि तांब्याच्या मधल्या फटीत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर माशांच्या टबाबाहेर डासांची वेगळी सोय होईल.

लिलीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा प्रश्न त्याचाच येईल. टब ५० ते ६० सेंटिमीटर रुंद हवा. लिली थेट टबात न लावता आठ-दहा इंची पसरट कुंडीत लावा. शेतातली चिकट माती घ्या. कोकोपीट, गांडूळखत, पालापाचोळा काहीही मिसळू नका, ते तरंगतं आणि कुजून पाणी काळं करतं. वर इंचभर धुतलेली वाळू पसरा. लिलीचा कोंब वाळूच्या वर उघडा राहिला पाहिजे. सुरुवातीला कुंडीखाली विटा ठेवून कोंबावर फक्त दोन-तीन इंच पाणी राहू द्या. पानं पृष्ठभागाला आली की एकेक वीट काढत सहा-आठ इंचांपर्यंत उतरवा. पहिल्याच दिवशी तळाशी ठेवलेली लिली अंधारात कुजते. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर पानं भरपूर येतील, फुलं येणार नाहीत. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून मगच मासे सोडा. एवढ्या टबात चार-सहा मासे पुरेत, त्यांची संख्या तेच वाढवतात. वाढलेले मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, तिथल्या मूळ माशांना त्यांचा त्रास होतो. दुसऱ्या टबवाल्याला द्या.

घंगाळ नुसतं पाण्यावर फुलं सोडायला वापरलं तर त्याच्याइतकं देखणं काही नाही. तेव्हा पाणी रोज बदला. दर आठवड्याला आतून चोथ्याने घासा, नुसतं ओतून देऊ नका. डेंगीचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. चिंच-मिठाने घासलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. आंबट अंश राहिला की दुसऱ्या दिवशी डाग दुप्पट. पावसात ठेवलेलं तांबं आधी तपकिरी, मग हिरवं होतं. खाली पांढरी फरशी असेल तर तिच्यावर उतरणारा हिरवा ओघळ मात्र निघत नाही.

प्रश्न (ठाणे) : घरातल्या फरशा बदलल्या, जुन्या रंगीत टाइल्सचे खोकी भरून तुकडे आहेत. ते चिकटवून कुंड्या आणि बागेतला सिमेंटचा बाक सजवायचा आहे. मागे पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते, ते पावसात गळून पडले.

चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबशा आणि फरशांतून केलेलं काम १९७६पासून लोक बघताहेत. टाकाऊ तुकडे उन्हापावसात टिकतात याचा तो पुरावा, पण ते सिमेंटमध्ये बसवलेले आहेत. लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो, त्याचं बाहेर काम नाही.

बारा इंची सिमेंटच्या कुंडीचा हिशेब असा. बाहेरची बाजू साधारण तीन चौरस फूट भरते. एक फुटी टाइल्स चार, तीन लागतात आणि एक तुटफुटीला. बाहेरच्या कामाचं टाइल अॅडेसिव्ह दीड किलो, ग्राउट (तुकड्यांमधल्या फटी भरायचं मिश्रण) एक किलो. कुंडीला आधी रंग असेल तर तो घासून काढा, नाहीतर तुम्ही टाइल सिमेंटला नाही, रंगाला चिकटवत असता.

टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून. गोल कुंडीसाठी तुकडे पाऊण ते दीड इंचाचे ठेवा. मोठा सपाट तुकडा गोलाईवर बसत नाही, त्याची कड बाहेर येते आणि कुणाच्या तरी पोटरीला लागते. कडेच्या तुकड्यांना कानशीने किंवा धारेच्या दगडाने घासून बोथट करा. बाकावर मोठे तुकडे चालतात, पण बसायच्या जागी ते अगदी एका पातळीत आले पाहिजेत, नाहीतर साडीचे आणि धोतराचे धागे निघतील.

अॅडेसिव्ह एका वेळी वीस मिनिटांत संपेल एवढंच कालवा. कुंडीवर एक वीतभर पट्टी लिंपा, तुकड्याच्या पाठीलाही थोडं लावा, दाबून बसवा आणि दोन तुकड्यांत तीन-चार मिलिमीटरची फट सोडा. ही फट सोडायचा कंटाळा करून तुकडे खेटून लावले की ग्राउट आत जात नाही, पाणी जातं. चोवीस तास सावलीत ठेवा. मग ग्राउट श्रीखंडाइतपत दाट कालवून रबरी पट्टीने सगळ्या फटींत दाबून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजाने वरचं पुसा. फार ओला स्पंज फटीतलं ग्राउटच उचलून आणतो. दुसऱ्या दिवशी राहिलेला पांढुरका थर कोरड्या फडक्याने जातो. पुढचे सात दिवस दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारा. उन्हात वाळवलं तर केसासारख्या भेगा पडतात.

ग्राउटऐवजी नुसतं पांढरं सिमेंट भरायची पद्धत सगळीकडे आहे, आणि ती वाईट आहे. ते आकसतं, तडकतं आणि दोन पावसाळ्यांत शेवाळाने काळं पडतं. राखाडी ग्राउट घ्या. दिसायलाही तेच बरं, रंगीत तुकडे त्यात उठून दिसतात.

भाजक्या मातीच्या कुंडीवर हे काम करू नका. आतली ओल बाहेर येऊन टाइल मागून सुटते. करायचंच असेल तर आतून दोन हात वॉटरप्रूफ कोटिंग द्या, आणि झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा.

प्रश्न (नागपूर) : मातीच्या कुंड्यांवर वारली चित्रं काढली. दोन महिन्यांत पांढरी भुकटी आली आणि चित्रं उडाली. तांदळाच्या पिठाने काढतात तशी काढली असती तर टिकली असती का?

तांदळाच्या पिठाची चित्रं पहिल्याच सरीत गेली असती. वारली समाजात लग्नाचा चौक घराच्या आतल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर लिहितात. तिथे पाऊस लागत नाही, आणि ते चित्र कायम टिकावं अशी अपेक्षाही नसते.

भुकटी म्हणजे क्षार. जड पाण्यातले आणि रासायनिक खतातले क्षार ओलीबरोबर कुंडीच्या अंगातून बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला ढकलतात. आधी कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. उरलेल्यावर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी लावा, धुवा आणि चार दिवस वाळवा. नंतर बाहेरून एक्सटीरिअर प्रायमरचा एक हात, गेरूच्या छटेच्या एक्सटीरिअर इमल्शनचे दोन हात आणि त्यावर पांढऱ्या इमल्शनने चित्र. बारीक रेषांसाठी बांबूची काडी टोकाला चावून वापरतात, ती ब्रशपेक्षा बरी चालते. तळ आणि तळाचं भोक रंगवू नका. सगळ्यात खात्रीचा उपाय पुन्हा तोच : झाड आतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, चित्र बाहेरच्या कोरड्या कुंडीवर.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : रो-हाउसच्या समोर चारशे चौरस फुटांची बाग आहे. दोन दीपमाळा, हंस, बेडूक, जुनी सायकल, जातं, रांजण, टायरचे झोके, रंगीत बाटल्या, सगळं हौसेने जमवलं. आता जत्रा भरल्यासारखं दिसतं. काय काढावं?

काय काढायचं हे बागेत उभं राहून ठरवू नका. फाटक, स्वयंपाकघराची खिडकी आणि संध्याकाळी चहा घेता ती खुर्ची या तीन जागांवरून बघा. प्रत्येक जागेवरून एकच मुख्य वस्तू दिसली पाहिजे. म्हणजे तीन वस्तू राहिल्या, फार तर चार. बाकीच्या माळ्यावर ठेवा आणि सहा महिन्यांनी अदलाबदल करा, टाकून द्यायची गरज नाही.

निवडताना सामान एका जातीचं ठेवा. जातं, रांजण आणि दगडी दीपमाळ यांचं आपसांत जमतं, कारण ती माती-दगडाच्या रंगाची आहेत. रंगवलेला सिमेंटचा हंस त्यांच्यात पाहुण्यासारखा उभा राहतो. आपल्या उन्हात दुपारी पांढरी आणि चकचकीत वस्तू डोळ्यांत खुपते, मातकट आणि काळी वस्तू शांत दिसते. टायरबद्दल स्पष्टच सांगतो : रंग दोन वर्षं टिकत नाही आणि आतल्या वळचणीत साठलेलं पाणी ओतूनही निघत नाही. ते काढाच.

दगडी वस्तू जमिनीवर नुसती ठेवली की आणून ठेवल्यासारखी दिसते. तिचा तळाचा दोन-तीन इंच भाग मातीत उतरवा आणि कडेने नेचा किंवा लिलीटर्फ येऊ द्या. रांजणामागे पानांची सपाट हिरवी भिंत हवी, फुलांनी भरलेलं झुडूप नको. तोंड उघडं असेल तर आत वाळू भरा किंवा पावसाळ्यात पालथा घाला. जात्याच्या मधल्या भोकाचं आणि उखळाच्या खळग्याचंही तेच करा. एका वाटीएवढं पाणी डासाला पुरतं.

प्रश्न (कोल्हापूर) : लोखंडी झोपाळा दर वर्षी रंगवूनही गंजतो.

गंज बहुधा आतून येतोय. पोकळ पाइपमध्ये पाणी साठतं, म्हणून पायांच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि वरची उघडी तोंडं बंद करा. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिशपेपरने धातू दिसेपर्यंत काढा. थिनरने पुसा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग एनॅमलचे दोन पातळ हात. वेल्डिंगच्या सांध्यांवर ब्रश दाबून मारा, रंग तिथेच कमी बसतो. पाय मातीत रोवू नका, दगडी फरशीवर ठेवा. कड्या आणि हुक दर वर्षी बघा. घासून जाडी तिसऱ्या हिश्शाने कमी झाली असेल तर ते रंगवायचे नाहीत, बदलायचे.

प्रश्न (सातारा) : वाटेच्या कडेला लावलेले सौरदिवे पहिल्या पावसाळ्यानंतर तासाभरातच मंद होतात.

पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. झाडाची फांदी वाढून सावली पडते का ते बघा. मग दिवा उघडून आतला सेल बघा. बहुतेक छोट्या दिव्यांत १.२ व्होल्टचा रिचार्ज होणारा एए आकाराचा निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. त्याच्या टोकांना हिरवी-पांढरी भुकटी असेल तर पुसून नवा सेल घाला, तोच प्रकार आणि त्याच व्होल्टचा. घड्याळातला साधा १.५ व्होल्टचा सेल घालू नका, तो चार्ज व्हायला केलेला नसतो आणि फुटून गळतो. तुमच्याकडच्या आषाढ-श्रावणात ऊन एवढं कमी असतं की सेल रोज अर्धवट भरतो आणि पूर्ण रिकामा होतो, त्यानेच तो लवकर मरतो. ते दोन महिने बटण बंद करून दिवे घरात ठेवा. नवे घेताना पिवळसर उजेडाचे घ्या, निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात.

प्रश्न (जर्मनी) : आईने रत्नागिरीहून भाजक्या मातीचं छोटं वृंदावन पाठवलं होतं. बाल्कनीत ठेवलं, हिवाळ्यात उभं चिरलं. जोडता येईल?

शोभेपुरतं इपॉक्सीने जोडता येईल, पण त्यात माती-पाणी पुन्हा भरू नका. आपल्याकडे कुंड्या कमी आचेवर भाजतात, त्यांची छिद्रं मोठी राहतात. त्यांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि मातीला फोडतं. पुढचं वृंदावन ऑक्टोबरमध्ये पहिल्या दहिवराआधी घरात घ्या. तुळशीलाही त्याच सुमारास आत यावं लागतं, रात्रीचं तापमान दहा अंशांखाली गेलं की तिची पानं काळवंडतात. तिला दक्षिणेची खिडकी द्या आणि हीटरपासून दूर ठेवा.

प्रश्न (मडगाव) : कुंड्यांत आणि वाटेच्या कडेला टाकलेले पांढरे गोटे हिरवे-काळे झाले. अॅसिडने धुवावेत का?

ते गोटे संगमरवराचे असतील तर अॅसिडमध्ये फसफसून विरघळतात, खडबडीत होतात आणि पुढच्या वेळी शेवाळ अधिक पटकन धरतात. पाच लिटर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळा, त्यात गोटे वीस मिनिटं बुडवा, ब्रशने घासून तीनदा धुवा. हे काम झाडांपासून दूर करा आणि त्या पाण्यात अॅसिड किंवा कुठलंही बाथरूम क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. गोव्याच्या पावसात सावलीतले पांढरे गोटे दर वर्षी हिरवे होणारच. सावलीत नदीचे करडे गोटे टाका, पांढरे उन्हाच्या पट्ट्यात न्या. दोन इंच थरासाठी दहा चौरस फुटांना सुमारे ७५ किलो गोटे लागतात, म्हणजे २५ किलोच्या तीन गोण्या. खाली तणरोधक कापड अंथरा आणि झाडाच्या खोडाभोवती चार इंच जागा मोकळी सोडा.